गावाकडचं नेट संथ चालतंय? आधी दुखणं शोधा, मग उपाय करा

ठाणे जिल्हा म्हटलं की घोडबंदर रोडच्या उंच इमारती आठवतात. पण किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे ही गावंही याच जिल्ह्यात येतात. इथली मुलंही ऑनलाइन अर्ज भरतात, शेतकरी ई-पीक पाहणीचे फोटो चढवतात आणि काहीजण घरून नोकरी करतात. नवीन लाइन येईल तेव्हा येईल. असलेल्या नेटवर काम नीट कसं होईल, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. मोजल्याशिवाय काही बदलू नका

नेट हळू वाटलं की आपण प्लॅन वाढवतो किंवा नवा राउटर आणतो. बऱ्याचदा ते पैसे फुकट जातात, कारण अडचण दुसरीकडेच असते. घरातल्या बाकीच्या फोनचं वाय-फाय बंद करा, लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि फास्ट डॉट कॉमवर वेग बघा. डाउनलोड, अपलोड आणि लेटन्सी (म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) हे तिन्ही आकडे वहीत लिहा. मग केबल काढून, नेहमी बसता त्या जागी वाय-फायवर पुन्हा मोजा. हे पहाटे, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास असं काही दिवस करा.

कंपनी वेग मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) सांगते आणि फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये (एमबी); आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. म्हणून ४० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी उतरतात. जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग असेल तरच त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येतं. तुमचा आकडा त्याखाली जात असेल तर वहीत तसा शेरा मारा.

केबलवर वेग चांगला आणि वाय-फायवर वाईट, तर दुखणं घरात आहे. फक्त रात्री वेग पडत असेल तर कंपनीच्या सामायिक लाइनवर गर्दी होते आहे. दिवसभर सगळीकडेच वाईट असेल तर लाइन किंवा सिग्नल तपासायला हवा.

२. घरातलं दुखणं

राउटर कपाटामागून, टीव्हीमागून बाहेर काढा आणि घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. पत्रा सिग्नल अडवतो, जुन्या घराच्या जाड भिंती तो खातात. राउटरच्या खोलीत बसून काम करणार असाल तर वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरा. पडवीपर्यंत पोचवायचं असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा. शेजारी बरीच वाय-फाय दिसत असतील तर २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा. कामाचा संगणक कायम एकाच जागी असेल तर सरळ लॅन केबल ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते.

३. लाइन आणि सिग्नल

फायबर असेल तर बॉक्सवरचा एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा बघा. तो लागला किंवा लुकलुकला की वायर तुटली आहे, दबली आहे किंवा सुटली आहे. खिडकीच्या चौकटीत चेपलेली किंवा खिळ्याला गच्च गुंडाळलेली वायर आधी मोकळी करा. काचेच्या तंतूला तीव्र वळण सोसत नाही. लाइनमन आला की “पॉवर किती येतेय?” असं विचारा. ही फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये. मायनस २० च्या आसपास असेल तर छान. मायनस २७ च्या जवळ गेली असेल तर जॉइंट पुन्हा मारून घ्या. पावसाळ्यात खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतं, त्यामुळे श्रावणात नेट रडायला लागलं तर हा प्रश्न हमखास विचारा.

सिमवर चालणारा राउटर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये आरएसआरपी हा टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा आकडा शोधा. मायनस ८० उत्तम, मायनस ११० म्हणजे कसंबसं. राउटर एकेका खिडकीत ठेवून आकडा बघत फिरा. जागा थोडी बदलली तरी फरक पडतो. नवं सिम घेण्याआधी शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहा.

४. अपलोडकडे लक्ष द्या

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, आणि याला पैसेही लागत नाहीत. आपण काही डाउनलोड करतो तेव्हा आपल्याकडून समोर सतत पोचपावत्या जात असतात. सिमवरच्या नेटला अपलोडचा वेग मुळातच कमी. अशा वेळी कुणाच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागले की त्या पोचपावत्या रांगेत अडकतात आणि डाउनलोडही रखडतं. प्लॅन तोच असताना अचानक सगळं ठप्प होण्यामागे अनेकदा हेच असतं.

म्हणून प्रत्येक फोनवर गूगल फोटोजचं बॅकअप दिवसा बंद ठेवा आणि झोपताना चालू करा. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करा. विंडोजमध्ये त्या वाय-फायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा, म्हणजे बहुतेक अपडेट थांबून राहतील. राउटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल (वेगाला मर्यादा घालायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. कमाल वेग थोडा घटेल, पण कॉल तुटायचे थांबतील.

५. कामं वाटून घ्या

यूट्यूबला ४८०पी साठी साधारण १.१ एमबीपीएस पुरतात, १०८०पी साठी ५ लागतात. घरात सगळ्यांनी मिळून ४८०पी ठरवलं तर एकाच लाइनवर क्लासही चालेल आणि आजीचं कीर्तनही. झूमचा नुसता आवाज १०० केबीपीएसच्या आतच भागतो, म्हणून मुलाखत किंवा परीक्षा असेल तर कॅमेरा फक्त गरजेपुरता लावा. मोठ्या फाइल आणि धड्यांचे व्हिडिओ पहाटे उतरवून ठेवा. अर्जाला लागणारी कागदपत्रं आधीच लहान करून ठेवा. शेवटच्या रात्री सर्व्हरवरही गर्दी असते.

लाइट जाते तिथे राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. फायबरचा बॉक्स वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा.

६. तक्रार लेखी करा

एवढं करूनही केबलवरचा वेग वाईटच असेल तर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंद करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. “नेट चालत नाही” एवढंच सांगू नका. वहीतल्या तारखा, वेळा, आकडे द्या आणि मोजणी लॅन केबलवर केल्याचं कळवा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. दूरसंचार विभागाची हेल्पलाइन १०६३ आहे. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पाड्यावर त्याच लाइनवर आणखी घरं असतील तर त्यांनाही स्वतंत्र नोंद करायला सांगा आणि सगळे डॉकेट नंबर एकत्र जोडून अपील करा.