कयाक घेऊन नदीत उतरताना या चुका टाळा: अंगावरचे काय उतरवावे आणि काय उतरवू नये

दिवाळीच्या सुमारास पंचगंगा आणि भोगावतीचे पाणी निवळू लागले की शनिवार-रविवारी नदीकाठी कोणाच्या तरी गाडीच्या टपावर बांधलेली कयाक हमखास दिसते. गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणाऱ्यांच्या या कोल्हापूर जिल्ह्यात वल्ह्याची हौस वाढत आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र गेली बारा वर्षे मी त्याच त्या चुका पाहत आलो आहे. त्यांतल्या बहुतेक चुकांनी फजिती होते, पण दोन चुकांनी जीव जाऊ शकतो, आणि नेमक्या त्याच दोन चुका नवशिक्यांना क्षुल्लक वाटतात.

अलीकडे त्यांत एका नव्या चुकीची भर पडली आहे. निर्वस्त्र राहून निसर्गात वावरणाऱ्या युरोपातील नॅचरिस्ट मंडळींच्या चित्रफिती पाहून आपल्याकडील काही तरुण निर्मनुष्य टप्प्यात तसेच वल्हवत जाण्याचे बेत बोलून दाखवतात. त्यांना मी वेड्यात काढत नाही. नग्नता आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे र. धों. कर्वे यांनी मराठीत फार पूर्वीच मांडून ठेवले आहे. परंतु फ्रान्समधल्या आर्देश नदीच्या घळईत नॅचरिस्टांसाठी राखलेले तळ आहेत आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. आपल्या नदीवर असा टप्पाच नाही. जिथे कोणी नसेल असे वाटते, तिथे वळण घेताच धुणे धुणाऱ्या बायका असतात, म्हशी धुणारी मुले असतात, मोटार सुरू करायला आलेला शेतकरी असतो. त्यांनी आपल्याला तसे पाहण्यास होकार दिलेला नसतो. शिवाय सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 नुसार 3 महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे हा बेत इथे करू नये.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ज्या नॅचरिस्टांना वल्हवणे कळते, ते कपडे काठावर ठेवतात, पण लाइफ जॅकेट, टोपी आणि पायांतले बूट उतरवत नाहीत. बसण्याच्या जागेवर टॉवेल अंथरण्याची शिस्तही ते पाळतात. आपली मुले त्या चित्रफितीतले उघडे अंग तेवढे पाहतात आणि सर्वांत आधी जॅकेट काढून टाकतात. शर्ट काढून हाफ चड्डीवर बसलेला आणि जॅकेट पाठीमागे कोंबलेला तरुण दिसला की मला पुढची गोष्ट आठवते.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण भोगावतीवर होतो. बंधाऱ्यांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालण्याचे काम तेव्हा सुरू होते. ज्यांना हे बंधारे ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीने उभे केलेले दगडी खांब. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. त्या दिवशी बहुतेक गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या जागा, बंद झाले होते आणि दोन उघडे होते. म्हणजे नदीचे पाणी त्या दोन गाळ्यांतूनच वाट काढत होते. वरच्या बाजूने पाहिले तर पाणी तळ्यासारखे संथ दिसत होते. वारा पाठीमागचा होता, त्यामुळे खाली पडणाऱ्या पाण्याचा आवाजही ऐकू येत नव्हता.

आमच्यातला सर्वांत तरुण गडी पुढे होता. उकाडा होतो म्हणून त्याने अर्ध्या तासापूर्वी शर्ट आणि जॅकेट दोन्ही काढले होते, आणि दोनदा सांगूनही ‘बंधारा आला की घालतो’ असेच उत्तर दिले होते. बंधाऱ्यापासून वीसेक मीटरवर त्याची कयाक आपोआप वेग घेऊ लागली. त्याने घाबरून एकाच बाजूने वल्हे मारले, त्यामुळे ती आडवी झाली आणि दोन खांबांवर दोन टोके टेकून अडकली. वरच्या पाण्याने ती एका क्षणात भरून वाकली. त्या मुलाने खांबाची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्याचे उघडे पोट दगडावर घासत होते आणि कमरेखालचे अंग पाण्याने गाळ्यात ओढले जात होते. बंधाऱ्यावरून बैल घेऊन निघालेल्या एका शेतकऱ्याने हातातला कासरा सोडवला, फास करून खाली टाकला आणि आम्ही चौघांनी मिळून त्याला वर ओढले. त्याचे जॅकेट मात्र कयाकमधून निसटून गाळ्यातून पार झाले होते आणि खालच्या डोहात एकटेच तरंगत निघाले होते. ते दृश्य मी विसरू शकत नाही. पोटावरची जखम भरायला त्याला दीड महिना लागला.

या एका प्रसंगात दोन्ही जीवघेण्या चुका आहेत. जॅकेट ‘लागेल तेव्हा’ घालता येत नाही, कारण ते लागते तेव्हा दोन्ही हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात. काठावर उभे असतानाच ते घालावे, सर्व पट्टे आवळावेत, आणि सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले, तर ते सैल आहे. उघड्या, ओल्या अंगावर ते अधिकच सरकते आणि काखेत घासून कातडी सोलवटते. म्हणून आत पातळ, पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा टी-शर्ट असावा. पोहता येणाऱ्याला नदीत वल्हवताना 50 न्यूटन तरंगशक्तीचे, हात मोकळे ठेवणारे जॅकेट पुरते. पोहता न येणाऱ्याने किमान 100 न्यूटनचे, चेहरा वर ठेवण्यास मदत करणारे घ्यावे. ‘मी लहानपणी पंचगंगा आडवी पोहलो आहे’ हे उत्तर मला मान्य नाही. डोक्याला खांब लागलेल्या माणसाला पोहता येत नाही.

बंधाऱ्याविषयी माझा नियम इतका कडक आहे की सोबतच्यांना तो जाचक वाटतो. बंधारा दिसताच, निदान दोनशे मीटर अलीकडे, काठाला लागायचे, कयाक खांद्यावर घ्यायची आणि चालत पलीकडे जायचे. पाणी थोडे आहे, गाळा रुंद आहे, कालच कोणीतरी गेला, यांतले कोणतेही कारण मी ऐकून घेत नाही. बंधाऱ्याच्या खालची बाजूही तितकीच फसवी असते. भिंतीवरून पडणारे पाणी तळाशी जाऊन उसळते आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे वळते. पूजेचा एखादा नारळ तिथे सापडला तर अर्धा-अर्धा तास तो भिंतीशी येतो, बुडतो, चार हातांवर वर येतो आणि परत भिंतीकडे जातो. नवशिक्यांना मी हा नारळ मुद्दाम दाखवतो. त्या जागी माणूस असेल तर त्याचेही तेच होते, म्हणून खालून वर वल्हवत भिंतीजवळ जाऊ नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मोटारसायकलने काठाकाठाने फिरून येतो. किती बंधारे आहेत, कोठे बरगे घातले आहेत, कोठे जॅकवेलचे (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीचे) पाइप आणि तारा पात्रात आल्या आहेत, हे वहीत लिहितो आणि धरणातून पाणी सोडणार आहेत का, हे काठावरच्या पाणीपुरवठा संस्थेत विचारतो. मोबाइलवरच्या नकाशात हे काही दिसत नाही. अर्धा दिवस वाचवण्यासाठी ही फेरी टाळणाऱ्यांबरोबर मी पाण्यात उतरत नाही.

पावसाळ्याबद्दल एवढेच सांगतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, पण त्या आकड्यांची वाट पाहत बसू नये. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात. जूनपासून पाणी निवळेपर्यंत कयाक घरीच ठेवावी.

आता अंगाविषयी. ऊन वरून लागते तसे पाण्यावरून परतूनही लागते, त्यामुळे हनुवटीखाली, मांडीच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे, म्हणजे एरवी ऊन न लागणाऱ्या कातडीवर फोड येतात. उघड्या अंगाने तीन तास वल्हवलेल्या माणसाला रात्री पाठीवर झोपता येत नाही. सनस्क्रीन निघण्यापूर्वी वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. खालच्या अंगाला जीन्स कधीही नको, कारण भिजली की ती पायांत ओझे होते. मी तालमीतल्या मुलांप्रमाणे आत लंगोट आणि वर हाफ पँट घालतो. शिवण टोचत नाही आणि दिवसभर ओल्यात बसूनही जांघा धरत नाहीत. मोकळेपणाची ओढ असलेल्यांनी हा पोशाख एकदा वापरून पाहावा.

अनवाणी उतरू नये. विसर्जनाच्या जागी मूर्तींच्या लोखंडी सळ्या गाळात उभ्या असतात. अंगावर ओरखडा असेल तर जनावरे बसणाऱ्या पाण्यात जाऊ नये, कारण लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा जंतू अशाच जखमेतून शिरतो. जलपर्णीच्या पट्ट्यात कयाक घुसवू नये, वळसा घालावा. हवेची कयाक सकाळी टणक फुगवून दुपारी उन्हात काठावर ठेवू नये, हवा प्रसरण पावून शिवण उसवते. आणि शिरोळकडे, कृष्णेच्या संगमाच्या बाजूला, मगरी आहेत. तिथे संध्याकाळी पाय पाण्यात सोडून बसण्याची हौस करू नये.

गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून कोकणातल्या खाडीत जाणारे आपले लोक आणखी एक चूक करतात. नदी एकाच दिशेला वाहते, या सवयीने ते खाडीत उतरतात आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर सुखाने मुखाकडे जातात. परत फिरायची वेळ येते तेव्हा तेच पाणी छातीवर येते. ओहोटी साधारण सहा तास चालते आणि तिच्याविरुद्ध नवशिक्याचे हात अर्ध्या तासात गळतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ सर्वांत जास्त असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, कमी. त्यामुळे पहिली खाडी अष्टमीच्या सुमारास करावी, ओहोटी संपता संपता उतरावे आणि भरतीबरोबर आत, गावाकडे जावे. वेळापत्रक पाहिलेच पाहिजे, पण धक्क्यावरच्या मच्छीमाराला विचारल्याशिवाय मी स्वतः वल्हे पाण्यात घालत नाही.

परत आल्यावर जॅकेट गाडीच्या डिकीत ओलेच कोंबू नये. गोड्या पाण्यात धुऊन, पट्टे मोकळे करून ते सावलीत टांगावे. महिन्यातून एकदा प्रत्येक बकल लावून जोरात ओढून पाहावे, आणि एखादे बकल सुटले तर ते जॅकेट पाण्यावर नेऊ नये.