काचेची शेगडी आपोआप का फुटते?

ग्लास टॉप शेगडी कुणी हातही न लावता फटकन फुटली की घरात आधी नजर लागली म्हणतात आणि मग कंपनीला शिव्या, पण कारण बरेचदा जुनंच असतं. शेगडीवरची टफन्ड (म्हणजे मुद्दाम मजबूत केलेली) काच बनवताना ती 600 डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात, त्यामुळे बाहेरचा थर दाबलेला राहतो आणि आतला ताणलेला, म्हणूनच ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते पण तडा एकदा त्या आतल्या थरापर्यंत पोचला की सगळ्या काचेचा क्षणात चुरा, अर्धवट तडकणं तिला जमतच नाही.

आणि तिची नाजूक जागा म्हणजे कड. मधे कुकर जरा जोरात टेकला तरी कदाचित निभावेल, पण कडेला सांडशी लागून छोटा टवका उडाला असेल तर ती नंतर कधीतरी, रात्री गॅस बंद असतानाही फुटू शकते. (क्वचित काचेतच निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण असतो, तो हळूहळू फुगतो, त्यावर घरी काही इलाज नाही.)

दोन्ही बर्नर झाकेल एवढं मोठं पातेलं ठेवू नका, उष्णता उलटी काचेवर येते. दूध उतू गेलं तरी तापलेल्या काचेवर लगेच ओलं फडकं नको, गार होऊ द्या. बर्नर खालून भकभक पेटत असेल तर लगेच बंद करून दाखवून घ्या. पुसताना कडांकडे नीट बघा, टवका दिसला तर सरळ काच बदला, एम-सील लावून भागत नाही.