माजी विद्यार्थी संघाचे वार्तापत्र कसे काढावे

बहुतेक माजी विद्यार्थी संघांची सुरुवात उत्साहात होते, पहिला स्नेहमेळावा दणक्यात पार पडतो आणि त्यानंतर पुढच्या मेळाव्यापर्यंत संघाचे अस्तित्व केवळ नोंदवहीपुरते उरते. मधल्या काळात कोणाचे काय चालले आहे, शाळेत काय बदलले, कोण आजारी आहे, कोण आपल्यातून गेले हे सभासदांना कळत राहिले, तरच पुढच्या मेळाव्याचे निमंत्रण त्यांना आपले वाटते. यासाठी नियमित वार्तापत्रासारखे दुसरे साधन नाही. ते चार पानांचे असले तरी चालते. मात्र ते वेळेवर निघाले पाहिजे आणि त्यातील प्रत्येक बातमी खरी असली पाहिजे.

माजी विद्यार्थी कोणाला म्हणायचे, हे आधी ठरवा

कामाला हात घालण्यापूर्वी कार्यकारिणीने एक निर्णय लेखी घ्यावा. शाळेतून शेवटची परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्यांनाच माजी विद्यार्थी मानायचे, की शाळेच्या पटावर ज्याचे नाव एकदा लागले त्या प्रत्येकाला? माझे स्पष्ट मत दुसऱ्या बाजूचे आहे. वडिलांची बदली झाली म्हणून मधल्याच वर्षी दाखला घेऊन गेलेला, घरच्या अडचणीमुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागलेली किंवा शेवटच्या परीक्षेत नापास होऊन परत न आलेला, या सर्वांच्या आठवणीत शाळा तितकीच खोल रुजलेली असते; किंबहुना अर्धवट सुटलेल्या शाळेची ओढ अनेकदा अधिक असते. हा निर्णय केवळ भावनेचा नाही. त्यावर सभासदांची यादी कशी करायची, बातम्या कोणाकडून मागवायच्या आणि वार्तापत्राचा सूर कसा राहील, हे सारे अवलंबून असते. यशस्वी माणसांच्या सत्कारांनी भरलेला अंक उरलेल्यांना न बोलता सांगतो की, यात तुमच्यासाठी जागा नाही.

यादी तयार करा आणि तिला एकच सांभाळणारा नेमा

शाळेच्या परवानगीने प्रवेशाची जुनी रजिस्टरे, वर्गांची समूहछायाचित्रे आणि आधीच्या मेळाव्यांच्या उपस्थितीच्या वह्या यांवरून बॅचवार यादी करावी. प्रत्येक नावापुढे शाळा सोडल्याचे वर्ष, तुकडी, शाळेतील नाव आणि सध्याचे नाव असे स्वतंत्र रकाने ठेवावेत. लग्नानंतर नाव आणि आडनाव बदललेल्या विद्यार्थिनी बहुतेक याद्यांतून गळतात, कारण शोधणाऱ्याला त्यांचे शाळेतलेच नाव माहीत असते आणि संपर्काच्या यादीत दुसरेच असते. दोन्ही नावे नोंदवली, तसेच अंकातही दोन्ही छापली, तर वर्गमैत्रिणींना एकमेकींची ओळख पटते.

या यादीत लोकांचे फोन क्रमांक आणि पत्ते असतात, त्यामुळे ती सर्वांना वाटू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कायदे अनेक देशांत झाले आहेत. युरोपीय संघाचे नियमन मे २०१८ पासून लागू आहे आणि भारतानेही २०२३ मध्ये यासाठी अधिनियम केला. पण कायदा बाजूला ठेवला, तरी आपला क्रमांक वर्गमित्राला दिला म्हणजे तो विमा विकणाऱ्यालाही द्यावा असे कोणाचे म्हणणे नसते. म्हणून माहिती घेतानाच ती कशासाठी वापरली जाईल हे सांगावे, तसा होकार घेऊन त्याची तारीख नोंदवावी आणि कोणी नाव काढायला सांगितले तर ते निमूटपणे काढावे. मूळ यादी एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावी आणि तिची प्रत कार्यकारिणीतील आणखी एकाकडे सुरक्षित ठेवावी.

बॅच प्रतिनिधी निवडा. वार्तापत्राचा खरा कणा तेच असतात

संपादकाने कितीही आवाहने केली, तरी बातम्या आपोआप येत नाहीत. ‘आपल्या बातम्या कळवा’ या वाक्याला उत्तर देणारे नेहमी तेच ते असतात, आणि ज्यांच्याविषयी वर्गमित्रांना खरी उत्सुकता असते ते गप्प राहतात. ‘माझ्या आयुष्यात छापण्यासारखे काय आहे?’ असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते. ही भिंत ओलांडण्याचे काम फक्त त्यांच्या बॅचमधील माणूस करू शकतो.

प्रतिनिधी निवडताना बॅचमधील सर्वांत नामवंत व्यक्ती शोधू नये. जिला सर्वांची ख्यालीखुशाली विचारण्याची मुळातच सवय आहे आणि जिचे कोणाशी फारसे वाकडे नाही, अशी व्यक्ती शोधावी. ती प्रत्येक बॅचमध्ये एखादी तरी असतेच. शक्य असेल तर एका बॅचसाठी दोघे नेमावेत, मुलामुलींची शाळा असल्यास एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी. प्रतिनिधीवर भार मोजका टाकावा: प्रत्येक अंकापूर्वी यादीतील चार-पाच जणांशी बोलायचे आणि पुढच्या अंकासाठी त्यांच्यानंतरची नावे घ्यायची. अशा क्रमाने गेल्यास काही वर्षांत बॅचमधील प्रत्येकापर्यंत पोहोचता येते, आणि मुख्य म्हणजे ज्याला कोणीच फोन करत नव्हते त्यालाही फोन जातो. बातमी छापून आली नाही तरी त्या फोनचे मोल कमी होत नाही.

बोलताना ‘काय विशेष?’ असे विचारले की ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत. सध्या कोठे राहता, दिवस कशात जातो, शाळेतील कोणाशी अजून संबंध आहे, शाळेत शिकलेली कोणती गोष्ट आजही उपयोगी पडते, कोणाचा शोध घ्यायचा आहे का? शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये. ‘शोध’ नावाचे छोटे सदर अंकात चालवले, तर वाचक सर्वांत आधी तेच पान उघडतात.

बातमी तपासा, लिहा आणि संबंधिताला दाखवा

ऐकीव माहितीवरून काहीही छापू नये. ज्याच्याविषयी बातमी आहे त्याच्याकडून तिची खातरजमा करावी आणि छापण्यापूर्वी मजकूर त्याला दाखवून संमती घ्यावी. आनंदाच्या बातमीतही हा नियम पाळावा, कारण नवी नोकरी, परदेशगमन किंवा मुलाचे लग्न ही बातमी कोणाला कधी सांगायची, हे ठरवण्याचा हक्क त्या कुटुंबाचा असतो. आजारपण, आर्थिक अडचण, घटस्फोट यांसारखे विषय संबंधिताने स्वतः मागणी केल्याशिवाय अंकात येऊ देऊ नयेत.

बातमी लहान लिहावी. पूर्ण नाव, बॅच, काय घडले, केव्हा आणि कोठे एवढे पहिल्या दोन वाक्यांत यावे. ‘शाळेचे नाव उज्ज्वल केले’, ‘मानाचा तुरा खोवला’ ही वाक्ये सर्वांना सारखीच चिकटतात, त्यामुळे कोणाविषयीच काही सांगत नाहीत. त्याऐवजी एक नेमका तपशील द्यावा: पुरस्कार मिळाला असेल तर कोणत्या कामासाठी, दुकान काढले असेल तर कशाचे. पदव्या आणि हुद्दे यांच्या बाबतीत सर्व अंकांत एकच पद्धत ठेवावी. मी स्वतः वर्गमित्रांच्या बातम्यांत हुद्दा नावापुढे न लावता वाक्यात सांगणे पसंत करतो, कारण या पानावर सगळे पुन्हा एका बाकावर बसलेले असावेत.

निधनवार्तेला सर्वाधिक वेळ द्या

या सदरात झालेली चूक भरून निघत नाही. जिवंत व्यक्तीचे निधन झाल्याचे छापणे, नाव चुकवणे किंवा सारख्या नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र लावणे यांमुळे होणारे दुःख दिलगिरीने कमी होत नाही. म्हणून बॅचच्या गटावर आलेल्या संदेशावर विसंबून कधीही मजकूर देऊ नये. कुटुंबातील व्यक्तीशी प्रतिनिधीने प्रत्यक्ष बोलावे, नाव, वय आणि तारीख त्यांच्याकडून लिहून घ्यावी, कोणते छायाचित्र वापरावे हे त्यांनाच विचारावे आणि मृत्यूचे कारण त्यांनी आपणहून सांगून छापण्यास होकार दिला तरच द्यावे. दुःख ताजे असताना घाई करू नये. बातमी पुढच्या अंकात गेली तरी चालते.

श्रद्धांजली लिहिणाऱ्याला शब्दमर्यादा सर्वांसाठी एकच असावी, मग दिवंगत व्यक्ती मोठ्या पदावर असो वा नसो. शाळेतील शिक्षक, शिपाई, ग्रंथपाल आणि कार्यालयातील कर्मचारी यांच्या निधनाची नोंदही याच पानावर, त्याच आकारात घ्यावी. छापील अंकाची एक प्रत कुटुंबाला हाताने लिहिलेल्या चार ओळींसह पाठवावी. अशी प्रत घरात अनेक वर्षे जपली जाते, आणि आपल्या माणसाला शाळा विसरली नव्हती एवढे तरी त्या घराला कळते.

मेळाव्याचे वृत्त आणि शाळेची खबर

मेळाव्याचे वृत्त दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत क्रमवार लिहिण्याची प्रथा सोडून द्यावी. जे आले नव्हते त्यांना काय कळायला हवे याचा विचार करावा: कोण कोण भेटले, कोणते ठराव झाले, किती निधी जमला, पुढे काय ठरले. शाळेकडून नवे शिक्षक, निवृत्त होणारे शिक्षक, इमारतीतील बदल आणि विद्यार्थ्यांच्या खऱ्या गरजा यांची माहिती मुख्याध्यापकांच्या संमतीने घ्यावी. सध्याच्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय छापू नयेत. संघाने शाळेला काही दिले असेल, तर ते मिळाल्यावर वापरात आहे का, हे सहा महिन्यांनी पाहून लिहावे.

मांडणी, छायाचित्रे आणि छपाई

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांवर आणि फोनवर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकित करावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर किंवा फोनवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि पुढे त्यात नाव शोधता येत नाही. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी असे चांगले फॉन्ट विनामूल्य मिळतात. वाचकांत ज्येष्ठ मंडळी बरीच असतात, त्यामुळे अक्षरांचा आकार १२ पॉइंटपेक्षा लहान नको, १४ असल्यास उत्तम. देवनागरीत मात्रा आणि उकार ओळीच्या वर-खाली जात असल्याने दोन ओळींतील अंतरही थोडे सैल ठेवावे.

जुनी छायाचित्रे स्कॅन करताना ती मूळ आकारातच छापायची असतील तर ३०० डीपीआय (एका इंचातील बिंदूंची संख्या) पुरेसे असते. दुप्पट मोठी करायची असल्यास ६०० डीपीआयने स्कॅन करावे. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा दाबली जाऊन तिचा दर्जा उतरतो, म्हणून ती दस्तऐवज या पर्यायातून मागवावी. समूहछायाचित्रातील नावे डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार द्यावीत. जे ओळखता येत नाहीत त्यांच्या जागी ‘ओळख हवी’ असे लिहावे. पुढच्या अंकात उत्तरे येतात. मूळ छायाचित्राच्या मागे लिहायचे झाल्यास मऊ शिसपेन्सिल वापरावी, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

मधोमध टाचलेल्या पुस्तिकेची पृष्ठसंख्या नेहमी चारच्या पटीत असावी लागते, त्यामुळे पाने आधी ठरवून मगच मजकूर कापावा. मुद्रिते (छपाईपूर्वी तपासायच्या प्रती) दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी वाचावीत आणि त्यांपैकी एकाने फक्त नावे, तारखा व आकडे तपासावेत.

वाटप आणि हिशेब

ईमेलने अंक पाठवताना सर्वांचे पत्ते बीसीसीच्या रकान्यात टाकावेत, म्हणजे ते इतरांना दिसत नाहीत. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीतून संदेश पाठवल्यास तो फक्त ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, हे सभासदांना आधी सांगून ठेवावे. फोनवर वाचू न शकणाऱ्यांसाठी थोड्या छापील प्रती काढाव्यातच. त्या टपालाने न पाठवता बॅच प्रतिनिधीने जमेल तिथे हातोहात दिल्या, तर भेटही होते.

खर्च वर्गणीतून भागत नसल्यास जाहिरात घ्यावी, पण तिची जागा वेगळी ठेवावी आणि पैसे दिले म्हणून कोणाची बातमी छापू नये. वर्षातून एकदा जमाखर्च अंकातच प्रसिद्ध करावा. संघाविषयीच्या बऱ्याच कुरबुरी हिशेब न दिसल्याने सुरू होतात, आणि हिशेबाचे एक पान त्या सुरू होण्याआधीच मिटवते.

अंक जपून ठेवा

प्रत्येक अंकाची फाइल वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव देऊन ठेवावी, म्हणजे संगणक ती आपोआप कालक्रमाने लावतो. दीर्घकाळ जतनासाठी पीडीएफ/ए हे पीडीएफचे खास जतनासाठीचे स्वरूप चांगले. ते २००५ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक आहे आणि त्यात फॉन्ट फाइलमध्येच सामावलेले असतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, अशी व्यवस्था करावी. दोन छापील प्रती शाळेच्या ग्रंथालयात पोच घेऊन द्याव्यात. दरवर्षी सर्व अंकांतील व्यक्तिनामांची एक सूची, शाळेतील नाव आणि नंतरचे नाव अशा दोन्ही नोंदींसह करावी आणि ती पुढच्या संपादकाच्या हाती सभासदांच्या यादीसोबत सोपवावी.