जुनी टूरिंग बाईक लांबच्या रनिंगसाठी तयार कशी करायची, ॲक्सेसरीज कधी आणि कशा लावायच्या

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जुनी कास्ट आयर्न बुलेट, २००३ सालची पहिली करिझ्मा, दोनशेवीसची ॲव्हेंजर असल्या गाड्या अजून भरपूर घरांत उभ्या आहेत आणि मालकाला त्या विकायच्याही नसतात. दिवाळीच्या आसपास कोणीतरी विषय काढतं, चला तोरणमाळ करू, नाहीतर चाळीसगाववरून कन्नड घाट चढून वेरूळला जाऊ, आणि लगेच धाव कुठे तर ॲक्सेसरीच्या दुकानात. फॉग लाईट, डिकी, मोबाईल होल्डर. हे उलटं होतं भो. जुनी गाडी रस्त्यात बंद पडते ती इंजिनामुळे कमी, बहुतेक वेळा रबर, वायर नाहीतर केबल दगा देते, आणि वरून लावलेलं सामान नेमका वायरिंगवर आणि टायरवर ताण टाकतं. म्हणून आधी गाडी, मग ॲक्सेसरी, आणि खाली लिहिलंय त्याच क्रमाने करा.

पहिलं काम: रबर

पेट्रोलच्या पाईपपासून सुरुवात करा. टाकीखालच्या पेट्रोल कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाईप बोटात धरून वाकवा, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा पाईप कडक लागला तर विचार करत बसू नका, बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पाईप आणि सील त्या हिशोबाने बनलेले नव्हते, ते फुगतात नाहीतर कडक होऊन लीक मारतात. नवीन पाईप घेताना इथेनॉलला चालणारा मागून घ्या, आणि सोबत कार्बोरेटरची सील किटही टाकून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा, आत गंज दिसला तर टाकी आधी साफ करून घ्यावी लागेल, नाहीतर तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाणाऱ्या बारीक भोकात जाऊन बसतो आणि गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके देत चालायला लागते.

टायरची नक्षी बघून फसू नका. कमी चालवलेल्या गाडीचं टायर वरून नवंकोरं दिसतं आणि आतून वाळलेलं राहतं. साईडला लंबगोलात चार आकडे असतात, समजा २३१९ लिहिलंय तर ते टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. पाच-सहा वर्षांच्या पुढचं असेल आणि साईडला बारीक भेगा असतील तर आपल्या मे महिन्यातल्या डांबरावर, जिथे भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्या टायरवर लोड टाकून हायवेला जाऊ नका. टायरसोबत ट्यूबही नवीनच टाका. हवा सकाळी गाडी थंड असताना चेक करायची, दुपारी गरम टायरमध्ये प्रेशर जास्त दाखवतं म्हणून हवा काढून टाकायची नाही.

डिस्क ब्रेक असेल तर त्याचं ऑइल दोन वर्षांत बदलायचं, ब्रेक ऑइलच्या डबीवर डॉट ३ का डॉट ४ लिहिलेलं असतं तेच टाकायचं.

दुसरं: वायरिंग आणि बॅटरी

साधा डिजिटल मीटर घ्या, स्वस्तात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग गाडी चालू करून रेस वाढवा, साडेतेरा ते साडेचौदा आलं पाहिजे. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेलाय आणि तो बॅटरीला मारणार, रेस देऊनही वाढलंच नाही तर चार्जिंग होत नाहीये. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पाणी पटापट आटतं, डिस्टिल्ड वॉटर दोन रेषांच्या मध्ये राहील असं बघा, नळाचं पाणी टाकू नका.

नंतर हेडलाईटची डूम, म्हणजे लाईटमागची गोल वाटी उघडा. आत मागच्या दहा मिस्तरींनी मारलेल्या टेपच्या गाठी दिसतील. प्रत्येक गाठ सोडून वायर नीट जोडून घ्या, हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा, मानेजवळ वायर ताणली जाते आणि तिथेच आतून तुटते. इंजिन आणि चेसिसची अर्थिंग जिथे बोल्टला बसते तिथला गंज पॉलिश पेपरने घासून काढा. यात अख्खा रविवार गेला तरी हरकत नाही, पुढचं सगळं यावर उभं आहे.

तिसरं: केबल, चेन, कोनसेट

नवीन क्लच केबल बसवताना जुनी चांगली असेल तर फेकू नका. ग्रीस मारून, दोन्ही टोकांना प्लास्टिक बांधून, नवीन केबलच्या शेजारीच टाकीखालून ओढून ठेवा. तोरणमाळच्या घाटात केबल तुटली तर टाकी काढायची गरज नाही, फक्त दोन टोकं जोडायची आणि निघायचं.

चेनचा ढिलेपणा चाक हळूहळू फिरवत सगळ्यात टाईट जागेवर मोजायचा, बहुतेक गाड्यांना २५ ते ३० मिमी चालतं पण मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच धरा. चेन रॉकेलने धुवून वाळवून मग ९० नंबरचं गिअर ऑइल लावा, जास्तीचं पुसून टाका नाहीतर धूळ आणि कापसाचा फुफाटा चिकटून त्याची घासणारी पेस्ट होते. डबल स्टँडवर पुढचं चाक उचलून फोर्क पुढेमागे ओढून बघा, खडखड आली किंवा हँडल मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग गेलं.

चौथं: इंजिन

इथे फार काही नाही. कास्ट आयर्न बुलेटला २०डब्ल्यू५० ऑइल, प्लग साफ, पॉइंटवाली (प्लगच्या ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचं पॉइंट असलेली) असेल तर पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. तिचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची सेटिंग, इंजिन पूर्ण थंड असताना बघायचे, पुशरॉड (व्हॉल्व्ह उचलणारा दांडा) बोटाने फिरला पाहिजे पण वरखाली हलायला नको. एअर फिल्टर मात्र आपल्या भागात पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बघा, कापसाच्या सीझनला जिनिंगच्या रस्त्याने रोज येणं-जाणं असेल तर आणखी लवकर. फोमचा फिल्टर रॉकेलने धुवून, पिळून, वाळवून, हलकं ऑइल लावून बसवायचा, कागदाचा धुवायचा नाही. इंजिनाच्या फिन्समध्ये (बाहेरच्या पट्ट्यांमध्ये) वाळलेली काळी माती बसली असेल तर ब्रशने काढा, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तीच एक वाट आहे. आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे निघा, अकराच्या आत पोहोचा, रेल्वे गेटवर गाडी बंद करा.

आता ॲक्सेसरीज

लाईट लावायच्याच असतील तर हेडलाईटमध्ये १००/९० वॅटचा बल्ब ठोकू नका, होल्डर आणि स्विच वितळतात. त्यापेक्षा २०-२० वॅटच्या दोन एलईडी लाईट, आणि त्या रिलेवरूनच, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीवरून. रिलेला चार पिना असतात: ३० नंबर बॅटरीच्या प्लसला, मध्ये बॅटरीजवळच ५ ॲम्पियरचा फ्यूज. ८७ लाईटकडे. ८५ अर्थिंगला. ८६ ला चावीनंतरचा करंट, मध्ये स्विच. ४० वॅट म्हणजे साडेतीन ॲम्पियरच्या आत, म्हणून ५ चा फ्यूज पुरतो, मोठा टाकला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. काम सुरू करताना बॅटरीची मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची. सगळं जोडून झालं की हेडलाईट आणि या लाईट चालू ठेवून रेस द्या आणि परत मीटर लावा. नेहमीच्या रेसला १३ च्या खाली राहत असेल तर तुमच्या गाडीला एवढा लोड झेपत नाही, एक लाईट काढा. मोबाईल चार्जरही चावीनंतरच्या करंटवरच, वेगळ्या फ्यूजसह. समोरून गाडी आली की या लाईट बंद करायच्या, यावर वाद नको.

सामानाचं सूत्र एकच, वजन खाली आणि सीटच्या जवळ. जड वस्तू म्हणजे टूल, ट्यूब, पाण्याच्या बाटल्या साईडच्या बॅगांत, दोन्हीकडे सारख्या. मागच्या डिकीत फक्त रेनकोट आणि कपडे, कारण ती मागच्या चाकाच्याही मागे लटकते आणि पुढचं टोक हलकं करते, मग हायवेला ट्रक शेजारून गेला की हँडल थरथरतं. डिकीवर किती किलो चालतं ते छापलेलं असतं, ते पाळा. कॅरिअर वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेणार असाल तर ते चेसिसला वेल्ड करू देऊ नका, बोल्टवरच बसवा, आणि वेल्डिंग करताना बॅटरी काढून ठेवा. बॅग सायलेन्सरपासून लांब राहते का ते मागे माणूस बसवून बघा, शॉकअप दबल्यावर अंतर कमी होतं. लेगगार्ड, विंडशील्ड चालतील. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावू नका, दंड तर होतोच आणि गावातून जाताना लोकांची झोप मोडते ती वेगळी.

कागदपत्रं आणि ट्रायल

गाडीला १५ वर्षं झाली असतील तर आरटीओत तपासणी करून आरसी रिन्यू करायची, ती पुढे ५ वर्षं चालते. पीयूसी, इन्शुरन्स आणि नवीन नंबर प्लेट तेवढी बघून घ्या.

मग सगळं सामान भरून, टायरला लोडच्या हिशोबाने हवा भरून, मागचा शॉकअप एक-दोन घर टाईट करून जवळच जाऊन या, धुळ्याहून लळिंग, जळगावहून पद्मालय. परत आलात की गाडी गार होऊ द्या आणि पाना घेऊन कॅरिअर, लेगगार्ड, सायलेन्सर, इंजिन माउंटिंग असे सगळे बोल्ट परत आवळा, त्यातले दोन-चार ढिले निघतातच. ढिला निघालेल्या प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वायसर टाका आणि त्यावर पेंटची आडवी रेघ मारा, म्हणजे चहाच्या थांब्यावर नुसतं वाकून बघितलं तरी तो फिरलाय का ते कळतं.