मेंदूच्या सिग्नलवर भावनेचं नाव लिहिण्याआधी

न्यूरोमार्केटिंगमध्ये, म्हणजे मेंदूचे आणि शरीराचे प्रतिसाद मोजून ग्राहकाची आवडनिवड समजून घेण्याच्या कामात, यायचंय म्हणून विचारणारी मुलं-मुली बहुतेक मानसशास्त्र, एमबीए नाहीतर इंजिनिअरिंगची असतात. ईईजी (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी मेंदूतले विजेचे सिग्नल मोजणं) काय, एफएमआरआय (स्कॅनरमध्ये मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल मोजणं) काय, हे त्यांनी वाचलेलं असतं. त्याच्या तपशिलात इथे जात नाही. मी मानसशास्त्रातून आले. या विषयात मी जिथे सर्वांत जास्त काळ अडकून पडले, ती एकच जागा सविस्तर सांगायची आहे. बाकीचं जाता जाता.

ओढ लागावी असेच इथले प्रयोग आहेत. २००४ मध्ये रीड माँटेग्यू यांच्या गटाने लोकांना स्कॅनरमध्ये कोक आणि पेप्सी प्यायला दिलं. ‘आता कोक येतोय’ असं आधी दाखवलं की मेंदूतला स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पससुद्धा कामाला लागायचा; पेप्सीच्या नावाने तसं होत नव्हतं. २००७ मध्ये ब्रायन नटसन यांच्या गटाने आधी वस्तू, मग किंमत, मग घेणार की नाही असा क्रम लावला. वस्तू आवडली की बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेला न्यूक्लियस अॅकम्बन्स सक्रिय, किंमत जास्त वाटली की इन्सुला नावाचा भाग सक्रिय. आणि २००८ मध्ये हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांनी एकच वाइन कधी १० डॉलरची, कधी ९० डॉलरची म्हणून चाखायला दिली. महाग म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली, आणि सुखद अनुभवाशी जोडलेल्या मीडियल ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समधला प्रतिसादही वाढला.

नवी मुलं यातला मेंदूचा भाग पाठ करतात आणि दुसरा भाग सोडून देतात. या तिन्ही ठिकाणी स्कॅनच्या जोडीला माणसाची वागणूक मोजलेली होती. कुणी कोणतं पेय निवडलं, वाइनला किती गुण दिले, वस्तू घेतली की नाही. ती नसती तर रंगीत ठिपक्यांचा अर्थ कुणालाच लावता आला नसता.

आता तो सापळा. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ च्या लेखात त्याची नीट मांडणी केली आहे: रिव्हर्स इन्फरन्स, म्हणजे उलटं अनुमान. डेंग्यूत ताप येतो, पण ताप आला म्हणजे डेंग्यू झाला असं कुठलाही डॉक्टर म्हणत नाही. आधी रक्त तपासतो. मेंदूच्या बाबतीत मात्र आपण बेधडक म्हणतो. किळस आली की इन्सुला सक्रिय होते, हे खरं. म्हणून इन्सुला सक्रिय दिसली म्हणजे किळस आली? नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखात आयफोनचा आवाज ऐकून लोकांची इन्सुला सक्रिय झाली, म्हणजे त्यांचं फोनवर प्रेम आहे, असा दावा आला. चाळीसहून अधिक शास्त्रज्ञांनी त्यावर पत्र लिहून सांगितलं की मेंदूच्या प्रतिमांच्या जवळजवळ एक तृतीयांश अभ्यासांत इन्सुला सक्रिय दिसते. एवढ्या ठिकाणी दिसणाऱ्या गोष्टीवरून एकच भावना कशी ओळखणार?

हे वाचून आपल्याला वाटतं, आपण असं करणार नाही. मलाही वाटलं होतं. पण हा सापळा स्कॅनरच्या खोलीपुरता नसतो, तो आपल्या टेबलावरच्या ईईजीतही असतो आणि तिथे जास्त साळसूद दिसतो.

फ्रंटल अल्फा असिमेट्री घ्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात डाव्या-उजव्या बाजूंच्या अल्फा लहरींमधला फरक. कपाळाच्या डाव्या बाजूचा एफ-३ आणि उजव्या बाजूचा एफ-४, या दोन इलेक्ट्रोडवरची ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरींची शक्ती मोजायची, दोन्हींचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यायचा आणि उजवीतून डावी वजा करायची. अल्फा जास्त म्हणजे तिथलं काम कमी, असं धरतात. म्हणून उत्तर धन आलं तर डावी बाजू तुलनेने जास्त सक्रिय. रिचर्ड डेव्हिडसन यांच्या कामापासून डावी बाजू सकारात्मक भावनेशी जोडली गेली, आणि जाहिरातवाल्यांच्या स्लाइडवर येईपर्यंत तिचं सरळ ‘आवडलं’ झालं.

आमच्याकडे बिस्किटांच्या पुड्यांवर काम चालू होतं. किंमत तीच, वजन कमी. आधी पुडा दिसायचा, मग वजन. वजन दिसल्यावर डावी बाजू वर गेली आणि मी अहवालात ‘आकर्षण वाढलं’ असं लिहिलं. प्रयोगशाळेतल्या सीनियर ताईने तेवढंच विचारलं, “ते चिडले नसतील कशावरून?” उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण त्या क्षणी लोकांना काय वाटलं हे आम्ही विचारलंच नव्हतं. एडी हार्मन-जोन्स आणि जॉन अॅलन यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं की रागीट स्वभावाच्या माणसांतही डावी बाजू जास्त सक्रिय असते. राग नकारात्मक असतो, पण तो माणसाला पुढे ढकलतो. म्हणजे हे मोजमाप आवडीपेक्षा पुढे सरसावण्याच्या ओढीशी जास्त जुळतं. दुकानातला पुडा उचलायला पुढे झालेला माणूस आणि दुकानदाराशी भांडायला पुढे झालेला माणूस, दोघांचा आकडा एकाच दिशेला जाऊ शकतो.

कुठलंही सॉफ्टवेअर हे नंतर दुरुस्त करून देत नाही. दुरुस्ती प्रयोगाच्या आखणीतच करावी लागते. आवड आणि राग जिथे वेगळे पडतील अशी एक तरी स्थिती ठेवा, म्हणजे वजन कमी पण किंमतही कमी, असा तिसरा पुडा. प्रत्येक चित्रानंतर ब्रॅडली आणि लँग यांची चित्रांची मोजपट्टी द्या, म्हणजे काय वाटलं ते माणूस चित्रावर खूण करून सांगतो. तिच्यात शब्द नसतात, त्यामुळे गावाकडून आलेल्या आजीही सहज भरतात. भुवईच्या आठी पाडणाऱ्या स्नायूवर ईएमजी (स्नायूचे विजेचे सिग्नल मोजणारं यंत्र) लावता आला तर लावा. शेवटी पुडा घ्या नाहीतर पैसे घ्या, अशी खरी निवड करायला लावा. आणि डेटा घेण्याआधी वहीत लिहून काढा: हा आकडा वर जायची आणखी कोणती कारणं असू शकतात? तीन कारणं सुचली नाहीत तर तुम्ही अजून प्रयोग सुरू करायला तयार नाही. हे मी कठोरपणे सांगतेय, कारण पुढे कुणीच सांगत नाही. क्लायंटला ‘आवडलं’ हेच ऐकायचं असतं.

हीच शंका बाकीच्या यंत्रांनाही लावा. त्वचेची वाहकता उत्तेजना सांगते. आनंद की भीती हे सांगत नाही. शिवाय ती एक ते तीन सेकंद उशिरा येते, त्यामुळे भराभर बदलणाऱ्या जाहिरातीत कोणत्या दृश्याला प्रतिसाद आला हे ठरवताना जपून. डोळ्यातली बाहुली मोठी झाली म्हणजे रस वाटला असं म्हणण्याआधी पडद्याचा उजेड कमी झाला होता का ते पाहा. आणि डोक्यावरच्या चार-पाच इलेक्ट्रोडवरून मेंदूत खोलवर असलेला अमिग्डला वाचून दाखवतो असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

तयार डॅशबोर्डवर ‘एंगेजमेंट ७२’ असा आकडा देणाऱ्या हेडसेटबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही. सूत्र दाखवत नसतील तर तो आकडा वापरू नका. शनिवार-रविवारच्या न्यूरोमार्केटिंग सर्टिफिकेटवरही पैसे घालू नका. त्याऐवजी पायथन शिका, एमएनई किंवा ईईजीलॅब ही ईईजीच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअर उघडा आणि डीप (DEAP) नावाचा डेटासेट अर्ज करून मिळवा. ३२ माणसांनी एकेक मिनिटाच्या ४० संगीत-व्हिडिओंना दिलेले प्रतिसाद त्यात आहेत, त्यांनी स्वतः दिलेल्या गुणांसकट. असिमेट्री काढा आणि ती आवडीशी किती जुळते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कुठल्याही लेक्चरपेक्षा हे जास्त शिकवेल.

उत्तरं डळमळीत आली तर खचू नका. २०२० मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात ७० गटांना एकच एफएमआरआय डेटा दिला होता, आणि त्यांचे निष्कर्ष ठिकठिकाणी वेगळे निघाले. मुरलेल्या लोकांचं असं होतं. तुम्हाला शंका येते, म्हणजे तुम्ही नीट बघताय.

रोजचं काम मात्र फार साधं असतं. आपल्याकडे निम्मा वेळ केसांच्या तेलात जातो. आदल्या दिवशी फोन करून सांगा: केस धुऊन या, तेल-कंडिशनर नको, गजरा-क्लिपा नकोत. दाट वेणीखाली जेल पोचवायला सवय लागते, आणि लागतेच. ईईजीत घरगुती विजेची पन्नास हर्ट्झची रेघ दिसली की पंखा, चार्जर, ट्यूबलाइट एकेक बंद करून बघा. “शॉक बसेल का?” हा प्रश्न प्रत्येक जण मनात घेऊन येतो, त्याने विचारण्याआधी तुम्हीच उत्तर द्या. संमतीपत्र मराठीत द्या आणि वाचून दाखवा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, माणसांवरच्या संशोधनासाठीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा. जाहिरातीचा अभ्यास म्हणून एथिक्स कमिटी टाळता येते, या समजुतीत राहू नका.

मार्गदर्शक निवडताना नाव किती मोठं आहे ते बघू नका. कच्चा डेटा तुमच्या शेजारी बसून बघतो का, ते बघा. आधीच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचारा. पीएचडीसाठी अलाहाबाद विद्यापीठातलं वर्तन आणि आकलन विज्ञानाचं केंद्र, आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), बंगळुरूचं निम्हान्स ही नावं बघा. नोकरीचं म्हणाल, तर निल्सन या मार्केट रिसर्च कंपनीने २०११ मध्ये न्यूरोफोकस ही न्यूरोमार्केटिंग कंपनी विकत घेतली तेव्हापासून मोठ्या मार्केट रिसर्च कंपन्यांत हे काम होतं. पण निव्वळ ईईजीच्या जागा कमी. सर्व्हे, आय ट्रॅकिंग आणि आकडेमोड येत असेल तर दारं उघडतात.

प्रयोगशाळेला पहिला ईमेल लिहाल तेव्हा ‘मला मेंदूची खूप आवड आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्यांचा एक पेपर वाचा, त्यातल्या एका निष्कर्षाचं दुसरं कारण काय असू शकतं आणि ते कसं तपासता येईल, हे चार ओळींत लिहा, आणि डीपवर केलेला तुमचा कोड जोडा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला लिहा. ते बहुतेक वेळा उत्तर देतात.