विंडोजशेजारी उबुंटू टाकण्याआधी

विंडोज न काढता त्याच मशीनवर उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकायची, तर सगळ्यात आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ४८ आकडे आहेत, लिहिताना कंटाळा येतो, तरीही लिहा. विंडोज होममध्ये हेच प्रकरण ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने बरेचदा आधीपासून चालू असतं, त्यामुळे ‘आपल्याकडे नाही ते’ असं गृहीत धरू नका. मशीन सुरू होताना कोणता टप्पा कसा पार पडला याची नोंद टीपीएम चिप ठेवते. तुम्ही सिक्युअर बूट (सही असलेलेच सुरुवातीचे प्रोग्राम चालू देणारी सोय) बंद केलंत की ती नोंद जुळत नाही आणि निळा पडदा की मागत बसतो. माझ्या भाच्याचा लॅपटॉप रात्री साडेअकराला असाच अडला. की होती, पण जुन्या ईमेल खात्यात, आणि त्या खात्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला!

मग ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ची ओळ बघा. तिथे ‘लेगसी’ असेल तर मशीन जुन्या पद्धतीचं: बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलतं, त्यातल्या जेमतेम ४४६ बाइटच्या कोडवर पुढचा सगळा डोलारा. ‘यूईएफआय’ असेल तर फर्मवेअर (बायोसच्या जागी आलेला नवा प्रोग्राम) थेट फॅट३२ प्रकारची एक छोटी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, वाचतं आणि तिथली बूटलोडरची (ओएस सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल चालवतं. ही ईएफआय पार्टिशन बऱ्याच लॅपटॉपवर फक्त १०० एमबीची असते. फालतू समजून ती उडवणारे मी पाहिलेत. तिला हात लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरशेजारी उबुंटूचाही फोल्डर तिथेच येणार आहे. उबुंटूचा इन्स्टॉलर असलेला पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये बूट करा, नाहीतर दोन्ही ओएस एका मेन्यूत येणं अवघड.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा कर्नल (गाभा) डिस्कवर झोपलेला राहतो आणि उबुंटूला ती ड्राइव्ह धड लिहिता येत नाही. गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ केलं तर तो पूर्ण बंद होऊन नव्याने उठतो.

उबुंटूसाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, निदान ५० जीबी. फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर हवीतच. पेनड्राइव्ह १६ जीबीचा घ्या आणि उबुंटूची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) नुसती कॉपी न करता रुफससारख्या टूलने लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल.

मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या बूट मेन्यूची कीबोर्डवरची की शोधून ठेवा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. वेळ साधली नाही तर विंडोजमधूनच शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ‘यूज अ डिव्हाइस’मध्ये पेनड्राइव्ह दिसेल. चार्जर लावलेला असू द्या.

सगळं झाल्यावर सरळ विंडोजच उघडलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा फर्मवेअरच्या यादीत उबुंटू दुसऱ्या नंबरवर असतं, ते वर सरकवायचं. आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर मशीन बिघडलेलं नाही. उबुंटूने मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहिली, विंडोजने ती भारतीय समजून वाचली. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की तेवढ्यापुरतं जुळतं.