एकाच फाइलवर चालणारा वेब-नकाशा कसा बनवावा

काही वर्षांपूर्वी स्वतःचा नकाशा वेबवर चढवायचा तर तीन गोष्टी लागत: माहितीचा डेटाबेस, त्यातून नकाशाचे तुकडे कापून देणारा सर्व्हर, आणि तो सर्व्हर अपरात्री बंद पडला तर उठून बघणारा माणूस. यातला माणूस सगळ्यांत महाग पडायचा. आता तुकडे आधीच कापून एकाच फाइलमध्ये बांधता येतात आणि ती फाइल फोटो किंवा पीडीएफ ठेवतो तशा साध्या जागी ठेवून देता येते. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये अलीकडे बरेच काही आले, फिरता गोल आला, उंचसखल जमीन आली. पण एकट्या-दुकट्याने नकाशा करणाऱ्याचे काम खरे हलके केले ते या एका फाइलने. तिचे नाव पीएमटाइल्स.

उदाहरण म्हणून झाडांची गणना घेऊ. प्रत्येक झाडाचे अक्षांश-रेखांश, जात आणि खोडाचा घेर एवढी माहिती तक्त्यात आहे, आणि झाडे लाखभर आहेत.

लाखभर हा आकडा मुद्दाम घेतला आहे. तुमच्याकडे चार-पाचशे बिंदू असतील तर पुढचे काहीही करू नका. माहिती जिओजेसन या मजकुराच्या साध्या फाइल-प्रकारात काढा, लीफलेट ही नकाशा दाखवणारी जुनी, छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्या आणि तासाभरात मोकळे व्हा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधले क्यूजीआयएस-टू-वेब नावाचे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) तर एक ओळही न लिहिता पान तयार करून देते.

पहिली पायरी: तक्ता स्वच्छ करा

निम्मा वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. अक्षांश आणि रेखांश वेगवेगळ्या रकान्यांत, दशांश पद्धतीत असू द्या. अंश-मिनिटे-सेकंद असतील तर आधी रूपांतर करून घ्या. रिकाम्या जागी शून्य भरू नका. शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही खरी जागा आहे: आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, भर समुद्रात. नकाशावाल्यांनी तिला थट्टेने ‘नल आयलंड’ म्हणजे शून्य बेट असे नाव दिले आहे, आणि जगभरातल्या अर्धवट भरलेल्या तक्त्यांतली झाडे, दुकाने, शाळा तिथेच जाऊन पडतात.

तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल) म्हणून साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडा. नाहीतर मराठीत लिहिलेल्या जातींच्या नावांची प्रश्नचिन्हे होतात, आणि ती प्रश्नचिन्हे परत मराठी होत नाहीत.

दुसरी पायरी: क्यूजीआयएसमध्ये उघडा

क्यूजीआयएस हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर आहे. २००२ साली त्याची सुरुवात झाली. लेअर मेनूतून ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेअर’ निवडा. एक्सच्या रकान्यात रेखांश, वायच्या रकान्यात अक्षांश. तोंडात ‘अक्षांश-रेखांश’ हाच क्रम बसलेला असल्यामुळे इथे हात हमखास उलटा जातो. माझा अजून जातो. निर्देशांक पद्धत म्हणून ईपीएसजी ४३२६ निवडा. जीपीएसवरून आलेले आकडे याच पद्धतीतले असतात.

बिंदू योग्य जागी पडले की लगेच जिओपॅकेज या फाइल-प्रकारात साठवून ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकाराचा मोह टाळा. ती अजून सगळीकडे चालते हे खरे, पण तिच्यात रकान्याच्या नावाला १० अक्षरांची मर्यादा आहे, एका थराच्या (लेअरच्या) चार-पाच फाइली सांभाळाव्या लागतात, आणि मजकुराचा रकाना २५४ बाइटांवर संपतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तासह, ३ बाइट खाते. म्हणजे जेमतेम ८४ चिन्हे. शेऱ्याच्या रकान्यात कोणी दोन वाक्ये लिहिली असतील तर दुसरे अर्ध्यावर तुटते.

मूळ प्रत अशी जपली की वेबसाठी जिओजेसन काढा. साठवण्याच्या खिडकीत खाली आरएफसी ७९४६ नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. हे २०१६ साली ठरलेले जिओजेसनचे प्रमाण आहे. दशांशानंतर ६ आकडे पुरेत. सहावा आकडा विषुववृत्तावर साधारण ११ सेंटिमीटर दाखवतो. झाडाची जागा त्याहून बारीक मोजण्याइतका फोनचा जीपीएस अचूक नसतो, मग पंधरा आकडे ठेवून फाइल फुगवायची कशाला?

तिसरी पायरी: तुकडे कापा

वेब-नकाशा चौकोनी तुकड्यांचा, म्हणजे टाइल्सचा असतो. झूम ० वर सगळे जग एका तुकड्यात, आणि झूम एकाने वाढला की तुकड्यांची संख्या चौपट. झूम १४ वर पूर्ण जगाचे २६ कोटी ८४ लाखांवर तुकडे होतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक तुकडा म्हणजे एक चित्र होते. व्हेक्टर टाइलमध्ये चित्र नसते, आकारांचे निर्देशांक आणि त्यांची माहिती असते. रंग भरायचे काम वाचणाऱ्याचा ब्राउझर करतो. म्हणून रंग बदलायचा झाला तरी तुकडे पुन्हा कापावे लागत नाहीत.

किती झूमपर्यंत कापायचे हा प्रश्न नवख्याला अडवतो, आणि भीतीपोटी तो १८-२० पर्यंत जातो. हिशेब करून बघा. झूम १४ चा एक तुकडा विषुववृत्तावर सुमारे २.४५ किलोमीटर रुंद असतो आणि त्याच्या आत सहसा ४०९६ बाय ४०९६ ची अदृश्य जाळी असते. म्हणजे बिंदूची जागा साठेक सेंटिमीटरपर्यंत नेमकी राहते. वाचणाऱ्याने पुढे झूम केले तर ब्राउझर तोच तुकडा मोठा करून काढतो, आणि निर्देशांक असल्यामुळे तो चित्रासारखा फाटत नाही. झाडांना झूम १४ पुरेसा आहे.

कापण्याचे उत्तम हत्यार टिपेकॅनू. ते काळ्या खिडकीत, आज्ञा टाइप करून चालते. लिनक्स आणि मॅकवर सरळ, विंडोजवर आतमध्ये लिनक्स बसवून. त्याला तीन गोष्टी सांगा: झूम १४ पर्यंतच काप, फार दाटी झाली तर दाट जागचे बिंदू गाळ, आणि थराचे नाव अमुक ठेव. हे नाव कागदावर लिहून ठेवा, पाचव्या पायरीत लागेल. बाहेर येणाऱ्या फाइलचा प्रकार पीएमटाइल्स दिला की नव्या आवृत्त्या थेट तीच फाइल बनवतात.

आज्ञा टाइप करणे नकोसे वाटत असेल तर क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये व्हेक्टर टाइल्स एमबीटाइल्स या दुसऱ्या फाइल-प्रकारात लिहिणारे साधन आहे. ते २०२० पासून आहे. त्या फाइलचे पीएमटाइल्स करायला मात्र एक छोटा प्रोग्रॅम लागतोच.

इथे एक धोका आहे. टिपेकॅनू एका तुकड्याला ५०० किलोबाइटांच्या वर जाऊ देत नाही आणि खालच्या झूमवर बिंदू पातळ करते. दुरून पाहताना सगळी झाडे दिसत नाहीत, नमुना दिसतो. दिसायला ते बरेच, पण त्या बिंदूंवरून ‘या भागात इतकी झाडे’ असा आकडा काढाल तर तो साफ चुकेल. मोजणी नेहमी जिओपॅकेजमधूनच करा.

चौथी पायरी: फाइल ठेवा कुठे?

पीएमटाइल्सच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते: कोणता तुकडा फाइलमध्ये कुठून कुठपर्यंत आहे. ब्राउझर आधी ती वाचतो आणि मग ‘या बाइटपासून या बाइटपर्यंतच दे’ अशी मागणी करतो. जाडजूड कोश पूर्ण न वाचता सूची बघून पान काढावे, तसे. तेव्हा होस्टिंगकडून, म्हणजे फाइल ठेवण्याच्या जागेकडून, अट एकच: अशी अंशतः मागणी त्याला समजली पाहिजे. मोठ्या क्लाउड साठवणुकी ती समजतात. गिटहब पेजेस ही वेब-पाने ठेवण्याची सेवाही समजते, फक्त तिथे १०० मेगाबाइटांपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही. पान एका पत्त्यावर आणि फाइल दुसऱ्या पत्त्यावर असेल तर साठवणुकीच्या सेटिंगमध्ये सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला फाइल वाचू देण्याची, परवानगी द्यावी लागते.

लोक अडतात ते चढवताना नव्हे, स्वतःच्या संगणकावर तपासताना. पानावर डबल-क्लिक करून उघडले तर ब्राउझर शेजारची फाइल वाचू देत नाही. मग पायथॉनसोबत येणारा साधा सर्व्हर लावतात, तर त्याच्या प्रचलित आवृत्त्यांना अंशतः मागणी कळत नाही. नकाशा कोरा, आणि दोष जातो फाइलला. अंशतः मागणी पुरवणारा दुसरा कुठलाही छोटा सर्व्हर वापरा. फाइल ठीक आहे ना, एवढेच बघायचे असेल तर पीएमटाइल्सच्या अधिकृत व्ह्यूअरच्या पानावर ती ओढून टाका.

पाचवी पायरी: पान लिहा

ब्राउझरमध्ये नकाशा दाखवण्याचे काम मॅपलिब्रे या मुक्त लायब्ररीचे. २०२०च्या डिसेंबरात मॅपबॉक्स कंपनीने आपल्या लायब्ररीचा मुक्त परवाना मागे घेतला, तेव्हा आधीच्या मुक्त आवृत्तीवरून लोकांनी ही शाखा काढली.

पानात मॅपलिब्रे आणि पीएमटाइल्स अशा दोन लायब्रऱ्या जोडा, पीएमटाइल्सचा प्रोटोकॉल (ती फाइल वाचण्याची रीत) मॅपलिब्रेला नोंदवून द्या, मग फाइलचा पत्ता व्हेक्टर सोर्स म्हणून द्या. त्यावर वर्तुळांचा एक थर चढवा. नमुना कोड दोन्हींच्या दस्तऐवजांत आहे, तो उचला. मी फक्त चुका सांगतो. नकाशाच्या चौकटीला उंची दिली नाही तर ती शून्य धरली जाते आणि पान कोरे दिसते. थराचे नाव तुकडे कापताना दिले तेच, तंतोतंत हवे. चुकले तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) तक्रार उमटते, म्हणून कन्सोल उघडूनच काम करा. आणि केंद्रबिंदू देताना मॅपलिब्रे रेखांश आधी मागते, लीफलेट अक्षांश आधी.

वर्तुळाचा आकार झूमप्रमाणे वाढता ठेवा, दुरून एक पिक्सेल, जवळून सहा-सात. रंग जातीवरून द्यायचा तर पाच-सहा मुख्य जातींना द्या, बाकी सगळ्या राखाडी. चाळीस रंगांचा नकाशा कोणालाच वाचता येत नाही.

मराठी नावांचे काय?

मॅपलिब्रे नकाशावरची अक्षरे एकेक सुटी उचलून ओळीत मांडते. रोमन लिपीला ते चालते. देवनागरीत जोडाक्षर जुळत नाही, पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते, आणि ‘चिंच’ वाचवत नाही. काही तयार पार्श्वनकाशांनी (बिंदूंच्या खाली रस्ते, गावे दाखवणाऱ्या नकाशांनी) खास फॉन्ट वापरून यावर तोड काढली आहे, पण स्वतःच्या थरासाठी तो खटाटोप मोठा. सोपा मार्ग असा: नावे नकाशाच्या थरात लिहूच नका. बिंदूवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पॉपअपमध्ये लिहा. मोजकीच नावे कायम दिसायला हवी असतील तर एचटीएमएल मार्कर, म्हणजे नकाशावर ठेवलेला पानाचा साधा घटक, वापरा. ती अक्षरे ब्राउझर स्वतः काढतो आणि बिनचूक काढतो.

गोल हवा का?

मॅपलिब्रेच्या पाचव्या आवृत्तीत, २०२५च्या जानेवारीत, पृथ्वीचा गोल आला. प्रोजेक्शन ‘ग्लोब’ असे सांगितले की झाले. जवळ गेल्यावर तो आपोआप सपाट होतो. झाडांच्या गणनेला त्याचा काडीचा उपयोग नाही. जगभराची आकडेवारी देशांवर रंगवणार असाल तर मात्र जरूर वापरा. नेहमीच्या सपाट मांडणीत, म्हणजे वेब मर्केटरमध्ये, ६० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ चौपट दिसते. ग्रीनलँड आफ्रिकेएवढे भासते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. रंगाने भरलेल्या नकाशात ही फसवणूक डोळ्याला लगेच पटते. गोलावर ती होत नाही.

प्रकाशित करताना

पार्श्वनकाशा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाच्या माहितीवरचा असेल तर तिच्या योगदानकर्त्यांचे श्रेय नकाशावर दिसेल असे द्या. ती परवान्याची अट आहे. ‘फुकट आहे’ म्हणून त्यांच्या सर्व्हरवरून तुकड्यांचे गठ्ठे उतरवून घेऊ नका, ते वापराच्या नियमांत बसत नाही.

पुढे नवी झाडे मोजली गेली की जिओपॅकेज सुधारा, पुन्हा तुकडे कापा आणि नव्या फाइलच्या नावात तारीख घाला. जुन्याच नावावर नवी फाइल चढवली तर काही ब्राउझरांकडे जुनी अनुक्रमणिका उरलेली असू शकते, आणि ती आता भलत्याच बाइटांकडे बोट दाखवते. पानातला पत्ता बदला, आणि जुनी फाइल आठवडाभर तिथेच राहू द्या. कोणाच्या तरी टॅबमध्ये ती उघडी असते.